रत्नागिरीत डबल लेट ट्यूलिप फुलेल का?

मागीलदार_रत्नागिरी:
नमस्कार मंडळी, बहिणीने ऑनलाइन मागवून ट्यूलिपचे कंद पाठवलेत, अँजेलिक नावाचे, फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे, डबल लेट प्रकार आहे म्हणे. इथे ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालाय आणि थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे पडेल तेवढीच. लगेच लावू की थांबू? जमिनीत की कुंडीत? प्लीज सविस्तर सांगा, फूल बघायची फार इच्छा आहे.

कंदवेडा_दापोली:
ताई, आत्ता अजिबात लावू नका! कंदाला आधी थंडी लागते, नाहीतर नुसती पानं येतात नाहीतर कळी आतल्या आत सुकते. श्रीनगरच्या बागेत ही थंडी जमिनीतच मिळते, आपल्याला ती फ्रिजमधूनच द्यावी लागणार. कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, साधारण ५ डिग्री असलं की झालं. निदान १४ आठवडे तरी ठेवाच, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर लावायला येतील. आणि एक कटाक्षाने पाळा, त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू, पपई काही ठेवायचं नाही, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने आतली कळीच मरते. बाहेरून कंद छान टणक दिसतो हो, कळतच नाही. विकणाऱ्याला विचारून घ्या कंद आधीच थंड केलेले आहेत का, असतील तर तेवढे आठवडे कमी.

सोनटक्का७:
कुंडीतच लावा, जमीन नको. जांभ्याची माती दिवसभर तापते. अर्धी माती, बाकी वाळू आणि कोकोपीट, पाणी साचलं की कंद कुजलाच समजा. कंदाची एक बाजू चपटी असते बघा, ती कुंडीच्या कडेकडे करायची, पहिलं मोठं पान तिकडूनच फुटतं मग मधे दाटी होत नाही. कुंडी विहिरीजवळ किंवा घराच्या पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन मिळालं की पुरे, दुपारचं नको, रात्री मतलई वारा लागेल अशी जागा असेल तर उत्तमच.
खरं सांगायचं तर डबल लेट हा आपल्याकडे सगळ्यात अवघड प्रकार, नावाप्रमाणे उशिरा फुलतो आणि तोवर इथे फेब्रुवारीचा उन्हाळा सुरू. दांडा आखूड राहील, फूल पानांतच उमलेल कदाचित. पुढच्या वर्षी ट्रायम्फ गटातले मागवा, ते लवकर येतात.

मागीलदार_रत्नागिरी:
खूप आभार दोघांचे! आजच फ्रिजमधली केळी बाहेर काढते. फूल येऊन गेल्यावर कंद परत जपून ठेवता येतील का?

कंदवेडा_दापोली:
नाही ताई, आपल्या उकाड्यात कंद पुन्हा भरत नाही, दरवर्षी नवीनच घ्यावे लागतात. कळीला रंग चढला की कुंडी सरळ पडवीत सावलीला आणा, फूल जास्त दिवस टिकतं.