‘जेवली का?’ विचारणं म्हणजे वेळेची चोरी?

काटोलची लेक
काल इथे ‘मोजकंच बोलतो’ या नावानं एकांनी लिहिलं की माणूस माहिती द्यायला बोलतो, ज्यात माहिती नाही ते बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेची चोरी. ‘जेवला का’ विचारणाऱ्यांचे फोन उचलणं त्यांनी बंद केलं म्हणे. आणि जे खरं असेल ते तोंडावर सांगायचं, बोलण्यातला प्रामाणिकपणा तेवढाच. वाचल्यापासून डोकं ठणकून राहिलं, म्हणून लिहायला बसले.

माझी आई काटोलला एकटी राहते. रोज रात्री साडेआठला तिचा फोन. ‘जेवली का?’ ‘हो. तू?’ ‘खाल्ली अर्धी भाकर.’ ‘भाजी काय?’ ‘वांगं.’ ‘अन् गोळी?’ ‘घेतली.’ संपलं, दीड मिनिट. यात माहिती म्हणाल तर वांगं. पण मागच्या पावसाळ्यात एकदा ती नुसतं ‘हो, खाल्लं’ म्हणाली आणि थांबली. भाजी सांगितली नाही. मी लगेच शेजारच्या काकूंना पाठवलं. आई दुपारपासून तापानं फणफणत होती, गॅस पेटलाच नव्हता. रोजचं वांगं-भेंडी ऐकलेलं नसतं, तर त्या थांबण्याचा अर्थ मला कुठून लागला असता?

हे काही माझंच म्हणणं नाही. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं ट्रोब्रियांड बेटांवर राहून लोकांचं बोलणं टिपलं आणि १९२३ मध्ये लिहिलं की ख्यालीखुशाली, हवापाणी या गप्पा विचार पोचवायला नसतातच, त्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवायला असतात. शंभर वर्षं झाली त्याला.

आणि तोंडावर खरं सांगण्याचं म्हणाल, तर सांगून झाल्यावर तुम्ही उठून जाता की समोर बसून राहता, हे बघू द्या. मग प्रामाणिकपणाचं बोलू.

मोजकंच बोलतो
ताई, तुमच्या आईचा फोन मी बंद करा म्हटलेलं नाही. पण गोड बोलण्यानं काय होतं ते मी घरात पाहिलं. माझ्या वडिलांचा शेतातला वाटा काकांनी ‘पाहू ना, घरचंच तर आहे’ म्हणत अकरा वर्षं लांबवला. दिवाळीला फराळाचा डबा यायचा, ‘प्रकृती कशी आहे’ विचारायचे. ‘देत नाही’ एवढे दोन शब्द कोणी बोललं नाही. बोलले असते तर वडिलांनी तेव्हाच वकील केला असता. वाट पाहत पाहत गेले. तेव्हापासून मला गोड विचारपूस ऐकली की अंगावर काटा येतो.

अजनीवाला
खरं सांगा, खरं सांगा म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी या. आईचा रिपोर्ट मागच्या मंगळवारी आला. डॉक्टर तिच्यासमोरच सांगणार होते, मी हात धरून बाहेर नेलं. तिला ‘अल्सर आहे’ म्हणून सांगितलं. ६८ वर्षांची बाई, सकाळी पूजा करते, नातवाचा डबा भरते. तिला सांगून काय मिळवू? मरणाच्या आधी मारू? या बाबतीत मला कोणी नीती शिकवू नका.

महालकर
अजनीवाले, तुमचं बरोबर आहे. सत्य बोलावं, प्रिय बोलावं, अप्रिय सत्य बोलू नये, हे सुभाषित आम्हाला शाळेत पाठ होतं. आपली संस्कृती हेच सांगते.

दीक्षाभूमीजवळची
महालकर, ते मनुस्मृतीतलं आहे. आणि तुम्ही अर्धंच सांगितलं. त्याच श्लोकात पुढे म्हटलंय की प्रिय असलं तरी खोटं बोलू नये. म्हणजे तुमच्याच श्लोकात ‘अल्सर आहे’ बसत नाही. ‘आपली संस्कृती’ म्हणताना कोणाची ते सांगत जा. ज्या ग्रंथाचं बाबासाहेबांच्या उपस्थितीत महाडला १९२७ साली दहन झालं, तो माझ्या घरात सुभाषित म्हणून चालणार नाही.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा, इथल्या नागपूरच्या मैदानावर होते. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत ‘मी खोटे बोलणार नाही’ ही आहे. आजोबा दुकानात उसने पैसे मागायला आलेल्यालाही ‘पैसे नाहीत’ असं खोटं सांगत नसत, ‘आहेत, पण देत नाही’ म्हणत. लोक चिडायचे, पण त्यांच्या शब्दावर व्यवहार करायचे.

महालकर
प्रत्येक ठिकाणी जात आणायचीच का? मी रुग्णाबद्दल बोलत होतो.

दीक्षाभूमीजवळची
जात मी नाही आणली, श्लोक तुम्ही आणला. तो कुठून आला ते सांगितलं, एवढंच.

महालकर
कुठला ते मला खरंच माहीत नव्हतं. फळ्यावर लिहिलेलं असायचं, खाली नाव नसायचं. दुसरी ओळही शिकवली नव्हती. ठीक आहे, मागे घेतो. पण तुमचा सूर मला लागला, हेही सांगतो.

वॉर्डातली ताई
तुमचं श्लोकाचं होऊ द्या. मी बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, मला अजनीवाल्या दादांशी बोलायचंय.

दादा, नरखेडकडचे एक आजोबा होते आमच्याकडे. मुलांनी ‘साधी गाठ आहे’ सांगितलेलं. रात्रपाळीत मी ड्रिप बदलायला गेले तर जागे. उशाला संत्री होती, म्हणाले, ‘सोलून दे वं बाई, हात थरथरते.’ मी सोलत होते. एक एक फोड हातात घेत, शिरा काढत ते म्हणाले, ‘बाहेर पाटी वाचली म्या. कर्करोग विभाग. पोट्टे मले सांगत नाही. त्याईले वाईट वाटन म्हणून मीबी इचारत नाही.’ मग म्हणाले, एका सोयऱ्याले चाळीस हजार देल्ले, चिठ्ठी नाही, थोरल्याले सांगाचं हाय. पण सांगू कसं? सांगितलं तर त्याले समजन का मले समजलं.

दिवसभर मुलं ‘बाबा, पुढच्या महिन्यात घरी’ म्हणायची आणि बाबा ‘हाओ’ म्हणायचे. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघं एकटे. ते पैसे मी थोरल्याला सांगितले, आजोबा गेल्यावर, शवागाराच्या दारात. तो पैशाचं काही बोललाच नाही. ‘मला काहून नाही सांगितलं त्यांनी’ एवढंच तीनदा म्हणाला.

तुम्हाला वाटतं तुम्ही आईपासून वाईट बातमी दूर ठेवली. तुम्ही तिचं बोलणं बंद केलं, दादा. तिला कोणाला काय सांगायचं असेल, ते आता ती कोणत्या तोंडानं सांगेल?

अजनीवाला
तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. आणि मी हे हवेत नाही बोलत. २०१४ मध्ये वडिलांना एका दवाखान्यात लिफ्टसमोर, उभ्या उभ्या, फाइल बंद करता करता सांगितलं, ‘तीन महिने पकडा.’ लिफ्ट आली, डॉक्टर गेले. वडील वाचा गेल्यासारखे झाले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. एकोणीस दिवस. तीन महिनेही नाही. तुमच्या वॉर्डातल्या आजोबांचा एक अनुभव, माझ्या बापाचा एक. कोणाचा मोठा?

दीक्षाभूमीजवळची
दादा, ऐकून वाईट वाटलं. मघाशी मी प्रतिज्ञा सांगितली, पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही. बुद्धांना अभय राजकुमारानं विचारलं होतं की तथागत दुसऱ्याला न आवडणारं बोलतात का. त्याच्या मांडीवर तान्हं मूल होतं. बुद्ध म्हणाले, याच्या घशात खडा अडकला तर काय करशील? तो म्हणाला, रक्त आलं तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची कणव आहे. खरं, हिताचं आणि योग्य वेळी, हे तिन्ही बघून बोलायचं असं तिथं आहे. लिफ्टसमोर जे झालं त्यात खरं होतं, बाकी दोन नव्हती.

धंतोलीतला डॉक्टर
लिफ्टसमोर मीही सांगितलेलं आहे. एकदा नाही. ओपीडीत शंभर माणसं, मागून वॉर्डबॉय हाका मारतो. कारण देत नाही, झालं ते चुकीचं झालं. आमच्या वेळी हे कोणी शिकवलं नाही. एमबीबीएसला संवादाचा अभ्यास सक्तीचा झाला तो २०१९ च्या बॅचपासून.

पण अजनीवाले, ‘सांगू की नको’ असा प्रश्न नसतोच. वाईट बातमी कशी सांगायची याच्या सहा पायऱ्या २००० साली कर्करोगतज्ज्ञांनी लिहून ठेवल्या. आधी शांत जागी बसायचं. मग रुग्णालाच विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? मग विचारायचं, सगळं ऐकायचंय की थोडं, की मुलाशी बोलू? त्यानंतर कुठे सांगायचं, साध्या शब्दांत, आणि पुढचा धक्का, रडणं यासाठी थांबायचं. उपचाराचं शेवटी. ‘मला नको सांगू, पोराला सांग’ म्हणणारे रुग्ण असतात, तेही ऐकायचं. आम्हा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतही आजार वाढवूनही सांगू नये, कमी करूनही सांगू नये, असंच आहे. तुमच्या आईला कोणी विचारलंच नाही. तुम्ही तिच्या वतीनं उत्तर दिलं.

मोजकंच बोलतो
मी तोंडावर सांगा म्हटलं होतं, त्यात ‘आधी विचारा’ नव्हतं. ते घालायला हवं. वडिलांच्या वाट्याचं मात्र मी तसूभर मागे घेत नाही. तिथं विचारपूसच हत्यार होती.

काटोलची लेक
त्यात माझं काही म्हणणं नाही. तुमच्या काकांनी फराळाचा डबा पाठवला तो तुम्हाला बोलू न देण्यासाठी. माझी आई फोन करते ती मला बोलू देण्यासाठी. फोन तोच, दिवाळीही तीच. पण दोन्हीला एकाच मापानं मोजू नका.

अजनीवाला
उद्या सकाळी अकराला आईला घेऊन दवाखान्यात यायचंय. आत्ता ती स्वयंपाकघरात नातवाला विचारत होती, ‘आजीनं डबा नाही केला तर कोण करन?’ तो म्हणाला आई करेल. ती म्हणाली, ‘तिला मेथीचे पराठे शिकवते मग.’

मी बाहेर येऊन हे लिहितोय.

स्वतःहून मी सांगणार नाही, अजूनही नाही. तुम्हा सगळ्यांचं पटलं असं समजू नका. पण डॉक्टरांना म्हणेन, तिला बसवून विचारा. आणि तिनं माझ्याकडे बघून विचारलं तर अल्सर म्हणणार नाही. ताई, तुम्ही उद्या सकाळपाळीत असता का?

वॉर्डातली ताई
रात्रपाळी आहे, आठला सुटते. तुम्ही कुठे येताय ते मेसेज करा. तिथलं माझ्या ओळखीचं कोणी असेल तर बसायला खोली मागून ठेवते. तुम्ही आईच्या बाजूला बसा, समोर नाही.