काँक (फ्रान्स): एका दिवसात उरकावं की रात्री राहावं?

दीपमाळ
सप्टेंबरअखेर मुक्काम तुलूझला आहे. तिथून आव्हेरों भागातलं काँक हे गाव आणि तिथलं जुनं चर्च पाहायचं आहे. सोबत सत्तरीचे दोघं, गुडघे नाजूक, शिवाय सगळे शाकाहारी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? आणि चर्चमध्ये नेमकं काय बघायचं?

वाटसरू
राहा. गाडीने एका बाजूचेच अडीच-तीन तास जातात, आणि चर्चच्या दारावरचं मुख्य शिल्प पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ते सावलीत असतं, दुपारनंतर ऊन पडलं की पिवळा चुनखडक उजळतो. सहलीच्या बसेस गेल्यावर चौकही रिकामा होतो.

गाडी गावाच्या कडेच्या सशुल्क वाहनतळावर ठेवावी लागते, तिथून चालत. मोठी चाकाची बॅग आणू नका, दगडी चढावर ती ओढवत नाही. खोली ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: चर्चपासून किती चढ, आणि जिना किती पायऱ्यांचा. जुन्या घरांत लिफ्ट बहुधा नसतेच. शिस्टचे (पापुद्र्यांच्या खडकाचे) दगड ओले झाले की फार निसरडे होतात, तेव्हा पकड असलेले बूट आणि काठी हवी.

खाली दुर्दू नदीवरच्या जुन्या पुलाकडे उतरणारी पायवाट गुडघ्यांना नको. पुलाजवळ गाडीने जाता येतं. समोरच्या डोंगरावर बांकारेल इथून अख्खं गाव दिसतं, तिथेही गाडी जाते. तिथून पाहिलं की नाव पटतं: लॅटिन 'काँका' म्हणजे शंख-शिंपला, आणि गाव तशाच खोलगट कुशीत बसलंय.

शिल्परेषा
दारावरच्या अर्धवर्तुळाला निदान अर्धा तास द्या, आणि दुर्बीण न्या. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं हे काम, विषय अंतिम न्याय (जगाच्या शेवटी देव माणसांना स्वर्ग की नरक ठरवतो तो), आकृत्या 124. नुसतं वर बघत राहिलं तर गर्दीच दिसते, म्हणून क्रम ठेवा.

आधी मधला ख्रिस्त: उजवा हात वर, डावा खाली. त्यावरूनच बाजू कळतात. आपल्या डावीकडे स्वर्ग, उजवीकडे नरक. त्याच्या पायांखाली तराजू आहे, एकीकडे देवदूत मिखाएल, दुसरीकडे सैतान. मग डावीकडच्या मिरवणुकीत मेरी, किल्ली घेतलेला पीटर आणि हाताला धरून नेलेला राजा शार्लमेन शोधा. त्याखाली लहानगी संत फ्वा, जिच्या नावाचं हे चर्च आहे ती, देवाच्या हातापुढे ओणवी झालेली दिसेल, मागे बेड्या टांगलेल्या. तिच्या कृपेने सुटलेल्या कैद्यांच्या त्या बेड्या, आपल्याकडच्या नवसफेडीसारख्या. उजवीकडे घोड्यावरून उलटा पडणारा सरदार आणि गळ्यात थैली अडकवून फाशी गेलेला कंजूष आहे. शेवटी बाहेरच्या कमानीची कड पाहा, तिथून चिमुकली तोंडं डोकावतात. ती बहुतेकांची सुटतात. निळ्या-लाल रंगाच्या खुणाही उरल्या आहेत.

आतल्या खिडक्यांनी निराशा होते ती रंगीत काचांच्या अपेक्षेने. चित्रकार प्येर सुलाज यांनी 1987 ते 1994 मध्ये 104 खिडक्यांसाठी केलेली ही काच बिनरंगाची आहे. उजेड आत येतो पण पलीकडचं दिसत नाही. बाहेरचा प्रकाश बदलला की ती कधी निळसर, कधी उबदार वाटते. म्हणून आत दोनदा जा, सकाळी आणि मावळतीला.

चर्चच्या मौल्यवान वस्तूंच्या संग्रहाचं, म्हणजे खजिन्याचं, तिकीट वेगळं, पण चुकवू नका. सोन्याने मढवलेली संत फ्वाची मूर्ती सुमारे 85 सेंटिमीटरची, लाकडी गाभ्याची, आणि डोकं धडापेक्षा कितीतरी जुनं. संत फ्वाचे अवशेष 866 मध्ये आजां या गावाहून इथल्या मठवासीयाने पळवून आणले, असं परंपरा सांगते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी हा ऐवज घरोघरी लपवला, म्हणून तो वितळवला गेला नाही. काँकचा खरा वारसा मला त्यातच दिसतो.

दीपमाळ
दोघांचे आभार. एक रात्र नक्की. जेवणाचं?

वाटसरू
आलिगो मागा: उकडलेला बटाटा घोटून त्यात लसूण, साय आणि ताजं तोम चीज. एक किलो बटाट्याला साधारण 400 ग्रॅम चीज पडतं, म्हणून पोटभरीचं होतं. ताटात सहसा सॉसेज सोबत येतं, तेव्हा आधीच "सां व्यांद" म्हणजे मांसाविना असं सांगा. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा घटक) असतं. ते चालत नसेल तर आलिगो सोडा. फार्सू नावाची पालेभाजीची धिरडी साधी वाटतात, पण त्यात अंडं असतंच आणि कधी खिमाही.

रात्रीच्या जेवणाची जागा दुपारीच राखून ठेवा. उपाहारगृहं मोजकी आहेत आणि स्वयंपाकघर लवकर बंद होतं. उशीर झाल्यास म्हणून पाव, फळं, दही तुलूझहूनच घेऊन निघा.