धोका की जोखीम?

प्रश्न : आमच्या रुग्णालयात परिपत्रक आलंय, 'कर्मचाऱ्यांवरील हिंसेच्या जोखमीचे मूल्यमापन करून अहवाल सादर करावा.' मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. इथे धोका आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मग जोखीम वेगळी ती काय? आणि 'जोखमीचे' की 'जोखीमीचे'?

प्रतिसाद : 'जोखमीचे'च, तारीख-तारखेला, तसंच. बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात, पण सुरक्षेच्या कामात फरक करतात. धोका म्हणजे जिच्यामुळे इजा होऊ शकते ती गोष्ट. इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर केवढी, ती जोखीम. पेशंट दगावल्याचं एकट्या रेसिडेंटने कॉरिडॉरमध्ये घोळक्याला सांगायचं, हा धोका दिवसाही असतोच. रात्री दोनला गार्ड खाली गेटवर, खोलीला दार एकच, जोखीम वाढली. नातेवाइकांना पास, दोघांनी मिळून वेगळ्या खोलीत सांगणं, आपली खुर्ची दाराजवळ, एवढ्यानेही ती उतरते.

एक खटकतं. आपण जोखीम 'पत्करतो' म्हणतो. नाइट ड्यूटीच्या सिस्टरने ती कधी पत्करली? तिच्या गळ्यात पडलेली असते.

आणखी एक : अहवालात 'हाणामारी', 'बाचाबाची' लिहू नका. दोन्हींत दोन बाजू येतात, म्हणजे सिस्टरही भांडली असा अर्थ निघतो. एकाच बाजूने झाली तर ती मारहाण. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्याला हाणामारी म्हणाल?

प्रश्नकर्ती : आमच्याकडे शिवीगाळ, दमदाटी तर नोंदवतच नाहीत. 'हात लावला का? नाही ना? मग सोडा.'

प्रतिसाद : सोडू नका. आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१०चा कायदा धमकावणं आणि कामात अडथळा आणणं यांनाही हिंसाच मानतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. शिवाय दमदाटीच्या नोंदी नसतील तर जोखीम जोखणार कशावरून?

प्रश्नकर्ती : मागच्या नोंदींत सगळीकडे 'किरकोळ वाद' आहे. त्याचं काय करू?

प्रतिसाद : जुनं खोडू नका, अंगाशी येईल. इथून पुढे कोणी, कुठे, काय केलं ते सरळ लिहा : 'पेशंटच्या भावाने ड्रेसिंग रूमच्या दारात सलाइनचा स्टँड उगारला.' आणि मारला नसेल तर 'उगारला'च ठेवा, वरून कोणी 'किरकोळ' करायला सांगितलं तरी.