अकरावीला कोअर प्लस एरोस्पेस घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

लेक दहावीत आहे. पुढच्या वर्षीचे विषय या महिन्यात ठरवायचेत. तिला इथल्या, म्हणजे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटच्या स्नो-आइल स्किल्स सेंटरमधला एरोस्पेस मॅन्युफॅक्चरिंगचा कोर्स (कोअर प्लस) घ्यायचाय. अर्धा दिवस तिकडे, अर्धा दिवस शाळेत. म्हणजे एक-दोन एपी (शाळेतच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) सुटणार. सासूबाईंनी काल पुण्याहून विचारलं, "अगं, पोरगी आयटीआय करणार का?" काय उत्तर द्यावं ते सुचेना. कुणाच्या मुलांनी हा अभ्यासक्रम केला असेल तर मोकळेपणाने सांगा.

— मिल क्रीककर

* * *

ताई, नमस्कार.

माझ्या धाकटीने कोअर प्लस केलाय, दोन्ही वर्षं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचं. माझे वडील आयटीआय करूनच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये फिटर म्हणून लागले. तिथे मिग-21 बनायची. त्यांनी जोडलेल्या पत्र्यांच्या भरवशावर पायलट आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचा. आमच्या घरात 'आयटीआय' हा शब्द नेहमी मान ताठ ठेवूनच उच्चारला गेला. सासूबाईंना हे माझ्यातर्फे जरूर सांगा.

हा अभ्यासक्रम बोइंग आणि वॉशिंग्टन राज्याच्या शिक्षण खात्याने मिळून उभा केलाय. एकूण 1,080 तास. पहिल्या 540 तासांत सुरक्षितता, ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर-व्हर्नियर, हत्यारं. पुढच्या 540 तासांत प्रत्यक्ष विमानाचं काम. सरकारी शाळेचाच भाग, त्यामुळे फी नाही. गणित-विज्ञानाचे समकक्ष क्रेडिट्सही मिळू शकतात, पण तुमच्या शाळेत नेमके कोणते ते काउन्सेलरकडून लेखी घ्या.

आता खरं शिकणं कुठे होतं ते सांगतो. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ, मारायला दोघं लागतात (वडील 'रिपीट मारणं' म्हणायचे). एकाच्या हातात गन. दुसरा पत्र्यामागे बकिंग बार, म्हणजे पोलादी ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीला (मागून बाहेर आलेल्या टोकाला) टेकवून धरतो. 1/8 इंची रिव्हेटला 30 नंबरचं ड्रिल, पत्रे हलू नयेत म्हणून तांब्याच्या रंगाचे क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना), मग प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कुसळं, काढायची. ठोकल्यावर शेपटी 3/16 इंच रुंद आणि 1/16 इंच उंच बसली पाहिजे. बार जरा कलला की शेपटी वाकडी. बार धरणारा दिसत नाही, पण अर्धं काम त्याचंच. वडील नवख्या पोराच्या हातात आधी बारच द्यायचे.

एकदा माझ्या मुलीचं ड्रिल कललं आणि भोक लंबगोल झालं. रिव्हेट मारला असता तर डोक्याखाली झाकून गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तिने हात वर केला. सरांनी आधी कागदावर नोंद करायला लावली, मग नवा पत्रा दिला. आठवडाभराचं काम गेलं. गाडीत बसल्यावर रडली. मी गाडी तशीच उभी ठेवली आणि तिचं रडून होऊ दिलं. त्या दिवशी मला तिच्याबद्दल जे वाटलं, ते तिच्या कुठल्याच मार्कांनी कधी वाटलं नव्हतं.

कारण 5 जानेवारी 2024 आपल्या सगळ्यांना आठवतोय. पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या 1282 फ्लाइटचा डोअर प्लग, म्हणजे न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा भाग, हवेतच निघून गेला. तपासात आलं की बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो प्लग उघडला होता, बंद करताना चार बोल्ट बसलेच नाहीत, आणि उघडल्याची नोंदही नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीला 'आधी नोंद कर' हे हाताने शिकवणारा वर्ग मला एखाद्या एपीपेक्षा हलका वाटत नाही.

अडचणीही सांगतो. येण्याजाण्यात दिवस तुटतो, उभं राहून पाय दुखतात, क्लब सुटतात. आणि पुढे इंजिनिअरिंगचा विचार असेल तर काहीही झालं तरी कॅल्क्युलस सोडू देऊ नका. बाकीच्या एपीचं मला एवढं वाटत नाही.

शनिवारी लेकीला घेऊन आमच्या गॅरेजमध्ये या. कॉम्प्रेसर आहे, पत्र्याचे तुकडे आहेत. बंद बूट, केस बांधलेले, हातात अंगठ्या-बांगड्या नकोत. चष्मे आणि कानात घालायचे बोळे मी देतो.

— मुकिल्टिओकर काका

* * *

काका, मनापासून आभार. सासूबाईंना मेल वाचून दाखवली. "ओझरला होते होय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा एकदा वाचायला लावली.

शनिवारी दहाला येतो. लेक विचारतेय, आधी बार धरायला मिळेल का?

— मिल क्रीककर