मळी म्हणजे नक्की कोणती?

अनुलेखा: साखर कारखान्याच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. मोलॅसिसला 'मळी' लिहिलं. पुढच्याच ओळीत प्रेसमड, म्हणजे रस गाळताना मागे राहणारा गाळ, आला. शेतकरी त्यालाही मळीच म्हणतात. वाक्य झालं, 'मळीपासून इथेनॉल आणि मळीपासून बायोगॅस'. दोन्ही खरं आहे. लिहायचं काय?

गाळप: मळी म्हणजे मोलॅसिसच. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा दाट काळा पाक. बी-हेवी मळी (मधल्या टप्प्यावरची), सी-हेवी मळी (शेवटची) असंच बोलतात. बी-हेवीत साखर जास्त उरते, म्हणून टनामागे इथेनॉलही जास्त. प्रेसमडला प्रेसमडच लिहा.

रानवाट: ट्रॉलीनं शेतात टाकतात ती मळी! रसात चुना घालून गंधकाची धुरी दिली की मळ खाली बसतो आणि फिल्टरवर अडकतो. उसाच्या वजनाच्या साधारण ३-४ टक्के. हाताला मेणचट लागते. गुऱ्हाळावर भेंडीचं पाणी घालून काढतात तो फेसही मळीच. मळ, त्यावरून मळी. पाकाला हे नाव मागून चिकटलं.

गाळप: मोलॅसिसचंच बोलीत मळी झालं असेल.

अक्षरओळ: मुळीच नाही. मोलॅसिस पोर्तुगीज 'मेलासो'वरून, त्यामागे लॅटिनमधला मध. मळाशी संबंध नाही. शुद्ध मराठीच हवी तर मोलॅसिसला काकवी म्हणा.

रानवाट: काकवी भाकरीशी खातात हो! तिच्यातली साखर कुणी काढून घेतलेली नसते.

टाकीवाला: शब्द चुकला तर टाकी बंद पडते. 'रोज मळी घाला' वाचून कुणी बायोगॅसच्या टाकीत पाक ओतला, तर साखरेचं भराभर आम्ल होतं, सामू (pH) ६.५ च्या खाली जातो आणि मिथेन करणारे जीवाणू थंडावतात. प्रेसमडची दुखणी वेगळी. मेणाची साय वर धरते, गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड येतो, तो काढल्याशिवाय वायू सिलिंडरमध्ये भरता येत नाही. ढीग जुना झाला तर आतून तापतो आणि वायू देणारा भाग आधीच कुजून जातो. म्हणून 'ताजा प्रेसमड' असंच छापा.

अनुलेखा: मग बातम्यांतलं 'मळीमिश्रित पाणी'?

टाकीवाला: तो स्पेंटवॉश, आसवनीचं (डिस्टिलरीचं) सांडपाणी. लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघतं. त्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. त्याला मळी म्हणणं साफ चूक.

अक्षरओळ: चूक कशी? लोक म्हणतात तोच शब्द.

रानवाट: आणि कृष्णाकाठची मळीची जमीन? तोही नदीनं आणलेला गाळच की.