आमदारांना दोनच टर्म द्याव्यात का? नाशिककरांनो, बोला

पंचवटीकर
परवा आमच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला गेलो होतो (चहा-बिस्किटासाठीच, खोटं कशाला बोलू) तिथं कळलं की संचालकाला सलग 10 वर्षंच बसता येतं, आधी 8 होती ती 2025 ला वाढवली. म्हणजे आमच्या ठेवी सांभाळणाऱ्याला कायदा घरी पाठवतो आणि जो हे कायदे करतो त्याला मरेपर्यंत मोकळं रान? माझं म्हणणं सरळ आहे, आमदार-खासदाराला दोन टर्म, बास. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचा नारळ तीनदा फुटलाय, एकदा तर फुटेना म्हणून जेसीबीच्या बकेटवर आपटला. रस्ता अजून नाही. खडी टाकली होती ती लोकांनी घरच्या बांधकामाला नेली.

कॅम्परोड_देवळाली
त्यासाठी कायदा कशाला पाहिजे? आमच्या देवळालीत बबनराव घोलप 1990 पासून पाच वेळा, 2014 ला मुलगा, आणि 2019 ला लोकांनीच बदललं ना. लोकसभेला गोडसे 2014, 2019 दोनदा आले, 2024 ला राजाभाऊ वाजे. बटण आपल्याच हातात आहे.

पंचवटीकर
29 वर्षं लागली की हो भाऊ एका घरातून सीट बाहेर यायला! तोवर एक पिढी म्हातारी झाली.

निफाडचा_कांदा
मी पूर्ण विरोधात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा, 1962 ला पहिल्यांदा आले, 11 वेळा आमदार. तुमचा नियम असता तर दुसऱ्या टर्मनंतर खेळ खल्लास. आणि गंमत म्हणजे 1972 ला लोकांनी त्यांना पाडलं पण होतं, मग परत आणलं. पाडायचं आमच्या हातात आणि आणायचंही आमच्याच हातात, ती ताकद तुम्ही मतदाराला द्यायला निघालात का काढून घ्यायला?
दुसरं असं की नवीन आमदाराला लक्षवेधी (सभागृहात तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) कशी लावायची, बजेटमध्ये पैसे कुठल्या हेडला पडतात हे कळेपर्यंत अर्धी टर्म जाते, तोवर राज्य कोणाचं तर सचिवांचं. विश्वास नसेल तर आपलीच महापालिका बघा. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. 122 च्या 122 घरी! याच्यापेक्षा कडक टर्म लिमिट कुठलं? झालात का ताकदवान? तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं तेच कळत नव्हतं.

सिडको_त्रिमूर्ती
हा प्रशासकवाला मुद्दा लागला राव. गटार तुंबलं की आधी निदान नगरसेवकाला फोनवर शिव्या तरी घालता येत होत्या.

गंगापूररोड_ताई
फिलिपिन्समध्ये हे करून झालंय. 1987 च्या त्यांच्या घटनेत खालच्या सभागृहाला सलग तीन टर्मची मर्यादा आहे, तिथं काय होतं तर साहेबांच्या तीन झाल्या की बायको उभी, मग मुलगा, मधल्या काळात साहेब महापौर, आणि परत साहेब. आपल्याला हे शिकवायची गरज नाही. वॉर्ड महिला राखीव निघाला की सोडतीच्या दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो, त्यात वहिनींचा फोटो पासपोर्ट साईज आणि भाऊंचा पूर्ण उंचीचा, हात जोडून!

सिन्नर_फाटा
टर्म बिर्म सोडा, परत बोलवायचा हक्क द्या. छत्तीसगडमध्ये 2008 ला नगराध्यक्षांना मतदारांनी मतदान करून खुर्चीवरून उतरवलंय. आपल्याकडे बाया एकत्र येऊन आडवी बाटली करतात, गावातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी मत दिलं की दारूचं दुकान बंद, मग माणूस का बंद होऊ नये? थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणला तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजूर करून घ्यावा लागतो. सरपंचाला नियम आणि आमदाराला नाही, हे कुठलं गणित?

निफाडचा_कांदा
आडवी बाटली करायला किती हेलपाटे पडतात ते त्या बायांना विचारा. आधी अर्जावर सह्या, मग सह्यांची पडताळणी, मत गुप्त असतं पण अर्जावर सही कुणी केली हे संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना माहीत. दुकानदाराची माणसं घरी येऊन बसतात. आमदाराच्या विरोधात सही करणाऱ्याच्या विहिरीचं प्रकरण मग पंचायत समितीत पडून राहिलं तर? शिवाय हरलेला उमेदवार निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करत फिरेल, म्हणजे पाच वर्षं प्रचारच.

सिन्नर_फाटा
म्हणून अडीच वर्षं हात लावायचा नाही असं ठेवा. आता पण प्रचारच चालतो की, फक्त आपल्याला विचारत नाहीत.

कॅम्परोड_देवळाली
एवढं सगळं मंजूर कोण करणार? तेच लोक ना. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला सभागृहात किती हात वर होतील?

पंचवटीकर
बरं, निफाडकरांचं थोडं पटलं. मी बदलतो. कायमची बंदी नको, सलग दोन टर्म झाल्या की एक टर्म सुट्टी, मग या परत लोकांपुढे, गणपतरावांसारखे असतील तर लोक आणतील. आणि त्या सुट्टीच्या पाच वर्षांत त्या सीटवर बायको, मुलगा, सून, भाऊ कुणीच उभं राहायचं नाही. आता बोला.

गंगापूररोड_ताई
आणि मेव्हणा?

पंचवटीकर
मेव्हणा राहिलाच की.