घरगुती बिअरच्या साहित्यासाठी कोणता वजनकाटा घ्यावा?

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि घरीच, एका वेळी 20 लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) बनवतो. त्यासाठी सुमारे 4.5 किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) लागते, पाण्यात घालायचे जिप्सम, म्हणजे एक क्षार, मात्र जेमतेम 4 ग्रॅम. माझा स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमपर्यंतच मोजतो. परवा वाटीत चिमूट-चिमूट जिप्सम टाकत राहिलो, तरी आकडा शून्यावरून हलेना आणि मग एकदम 3 दिसला. हॉप्समध्ये (बिअरला कडवटपणा देणारी फुले) एखाद्या ग्रॅमचा फरक चालतो, पण क्षारांमध्ये तो पाव हिस्सा ठरतो. त्यामुळे माल्टसाठी 10 किलोचा आणि क्षारांसाठी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा, असे दोन काटे घ्यावेत, की छोटा 0.01 ग्रॅमचाच घ्यावा? मोठे पातेले ठेवल्यावरही आकडा झाकला जात नाही असा काटा कुणी वापरत असल्यास कृपया अनुभव कळवावा.